एनसीपीएतला सिम्फनी ऑर्केस्ट्रा: घरच्यांना न्यायचं असेल तर कुठल्या कंपोझरला न्यायचं

आधी निकाल सांगून टाकतो. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) जमशेद भाभा थिएटरमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा जो सीझन होतो, साधारण फेब्रुवारीच्या आसपास एकदा आणि सप्टेंबरच्या आसपास एकदा, त्याचं तिकीट काढाच, आणि काढताना दोन काढा, दुसरं अशा माणसासाठी ज्याने आयुष्यात कधी अख्खी सिम्फनी ऐकलेली नाही. मी बरीच वर्षं जातोय आणि शक्यतो एकटा जात नाही, कधी काका, कधी काकू, कधी भाची, कधी ऑफिसातला मित्र, कोणी ना कोणी बरोबर असतं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली की हा माणूस पुन्हा यायला तयार होणार की नाही हे बऱ्याच अंशी त्या दिवशी कुठला कंपोझर वाजतोय यावर ठरतं, म्हणून या रिव्ह्यूत ऑर्केस्ट्राइतकंच कंपोझर्सबद्दलही लिहिणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. हा ऑर्केस्ट्रा २००६ साली उभा राहिला, एनसीपीएचे खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव या दोघांच्या पुढाकाराने. व्यावसायिक पातळीवर चालणारा आपल्या देशातला हा पहिला सिम्फनी ऑर्केस्ट्रा. कायमचे वादक मुंबईतच राहतात, त्यात भारतीय आहेत, कझाकस्तानचे आहेत, आणि सीझनच्या वेळी बाहेरून आणखी वादक येऊन संख्या पूर्ण होते, कारण मोठ्या सिम्फनीला ऐंशी-नव्वद माणसं सहज लागतात. झेन दलाल हे इथे बरीच वर्षं दिसलेले कंडक्टर, शिवाय परदेशी पाहुणे कंडक्टर येत असतात. २०१९ मध्ये हा ऑर्केस्ट्रा ब्रिटनच्या दौऱ्यावर जाऊन आला, तेव्हा उस्ताद झाकिर हुसेन सोबत होते आणि त्यांनी याच ऑर्केस्ट्रासाठी २०१५ साली लिहिलेला 'पेशकार' हा तबल्याचा कॉन्चेर्टो, म्हणजे एक वाद्य पुढे आणि सोबत अख्खा ऑर्केस्ट्रा अशी रचना, तिकडे वाजला. एनसीपीएची स्वतःची संगीत शाळाही आहे, लहान मुलं तिथे व्हायोलिन-चेलो शिकतात, आणि माझ्या मते या सगळ्या उपक्रमातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

काही लोक म्हणतात की हे आपलं संगीत नाही, आपल्याला काय त्याचं. मला ते अजिबात पटत नाही, निदान मुंबईत बसून तरी असं म्हणता येत नाही. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी बॉम्बे सिम्फनी हा ऑर्केस्ट्रा १९३५ साली सुरू केला, पुढच्याच वर्षी त्यांचा मुलगा झुबिन, पुढे जगभर गाजलेला कंडक्टर, जन्मला आणि घरात तालमी ऐकत मोठा झाला. आणि पारशी मंडळींच्या बरोबरीने गोव्याची माणसं. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवायचे, ती पोरं मोठी होऊन मुंबईत आली आणि हिंदी सिनेमाचे सगळे मोठे ऑर्केस्ट्रा त्यांनीच तर उभे केले, अँथनी गोन्साल्विस काय, सेबास्टियन डिसोझा काय, आपण ज्या गाण्यांवर वाढलो त्यातल्या व्हायोलिनच्या लाटा या लोकांनी कागदावर लिहिलेल्या आहेत. अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली स्वतःचा इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला होता. प्यारेलालजी त्यांचेच शिष्य. म्हणजे मराठी घरात रेडिओवर गाणी ऐकणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कानाला ऑर्केस्ट्राची ओळख आहे, फक्त गायक मध्ये न येता सलग चाळीस मिनिटं ऐकायची सवय नाही, आणि ती सवय हॉलमध्ये बसून लागते, मोबाइलवर लागत नाही.

आता हॉलबद्दल. जमशेद भाभा थिएटर १९९९ चं, ११०९ सीट्स. बांधून होत आलेलं थिएटर १९९७ च्या आगीत जळालं आणि पुन्हा उभं केलं, हे मी बरोबर नेलेल्या प्रत्येकाला आत शिरताना सांगतो. फॉयरमधला संगमरवरी जिना जुन्या पेटिट हॉलमधला आहे, त्यावर उभं राहून सगळेच फोटो काढतात, काढू द्या. बाजूचं टाटा थिएटर १९८० चं, ते मुळात आपल्या संगीतासाठी, कलाकार आणि श्रोता जवळ असावेत असं बांधलेलं. सिम्फनीला मात्र भाभा.

कुठे बसायचं? माझं ठाम मत आहे की पहिल्यांदा आलेल्या माणसाला पुढच्या रांगांमध्ये बसवू नका. लोकांना वाटतं महाग सीट म्हणजे चांगली सीट, पण पुढे बसलं की समोर फक्त व्हायोलिनवाल्यांचे बूट आणि चेलोवाल्यांची पाठ, मागचे बासून, क्लॅरिनेट, हॉर्न काही दिसतच नाही, आणि आवाजही जवळच्या व्हायोलिनचाच जास्त येतो. बाल्कनीत बसा. तिथून सगळा ऑर्केस्ट्रा नकाशासारखा समोर पसरलेला दिसतो, सूर कुठून उठला आणि कोणाकडे गेला ते डोळ्यांनी कळतं, आणि नवख्या कानाला डोळ्यांची ही मदत फार लागते. सगळा ऑर्केस्ट्रा एकजीव होऊन येतो तो आवाजही वरच चांगला पोचतो. शिवाय बाल्कनीची तिकिटं सहसा स्वस्त असतात, म्हणजे दोघांचं जमतं.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ओबोवाला एक सूर देतो आणि सगळे त्याला आपापली वाद्यं मिळवून घेतात. आमचे काका सवाईला वर्षानुवर्षं जाणारे, त्यांनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा कानाशी येऊन विचारलं, "काय रे, हे लावतायत की सुरू झालं?" मी म्हटलं, "लावतायत काका, तानपुरा लावतात ना तसं." "मग तानपुरा चालू का ठेवत नाहीत?" मला हा प्रश्न फार आवडला, कारण या संगीतातला सगळा खेळ त्यातच आहे. षड्ज एका जागी थांबत नाही, तो सारखा हलवला जातो, आपण घरापासून लांब लांब नेले जातो आणि शेवटी परत आणले जातो, कधी कधी आणतच नाहीत. एवढं एकच मी त्यांना सांगितलं होतं. सोनाटा फॉर्म, एक्स्पोझिशन, डेव्हलपमेंट वगैरे काही सांगितलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका, पहिल्या दिवशी तर नकोच.

त्या संध्याकाळी ड्वोर्झाकची नववी सिम्फनी होती, न्यू वर्ल्ड. आणि मला विचाराल तर नव्या माणसासाठी याहून चांगली निवड नाही. ड्वोर्झाक १८९२ मध्ये न्यूयॉर्कला संगीत शाळेचा संचालक म्हणून गेला, बोहेमियातल्या खेड्यातला खाटकाचा मुलगा, घरची ओढ जबरदस्त, रेल्वे इंजिनांचं वेड त्याहून जबरदस्त. तिथल्या शाळेतला एक कृष्णवर्णीय विद्यार्थी हॅरी बर्ली त्याला आपल्या लोकांची भजनं गाऊन दाखवायचा, आणि ड्वोर्झाक अमेरिकनांना उघडपणे सांगायचा की तुमचं संगीत उभं राहायचं असेल तर याच्यातून राहील. १८९३ च्या डिसेंबरात ही सिम्फनी कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली. दुसऱ्या मूव्हमेंटला (सिम्फनीचे सहसा असे चार भाग असतात), लार्गोला, आधी ब्रास वाद्यांचे काही गंभीर स्वर येतात आणि मग इंग्लिश हॉर्न एकटा गायला लागतो. ग प प, ग रे सा. काका एकदम ताठ बसले आणि पुटपुटले, "अरे, हा तर भूप." सुरुवातीच्या ओळीत खरोखरच भूपाचेच स्वर आहेत, पुढच्या ओळीत निषाद येतो आणि मग ते भूप सोडून दुसरीकडे जातं, पण तोपर्यंत काका आत शिरले होते. त्याच मूव्हमेंटच्या शेवटाकडे व्हायोलिन, व्हायोला वगैरे मोजकीच वाद्यं उरतात आणि ती धून मध्येच थांबते, परत सुरू होते, परत थांबते. बोलणाऱ्याला पुढे बोलवत नाही तसं. अकराशे माणसांच्या हॉलमध्ये अशी शांतता पसरते ती रेकॉर्डिंगमध्ये कितीही चांगल्या हेडफोनवर मिळत नाही. आणि बाल्कनीत बसलात तर एक गंमत बघून ठेवा, झांज वाजवणारा माणूस अख्ख्या सिम्फनीत फक्त एकदा वाजवतो, तेही चौथ्या मूव्हमेंटमध्ये, तेही हळूच. भाचीला मी हे आधी सांगून ठेवलं होतं, ती चौथी मूव्हमेंट सुरू झाल्यापासून त्याच्यावरून नजर हलवत नव्हती, आणि तो क्षण आला तेव्हा तिने माझा हात दाबला.

बेथोवन तर सगळ्यांनाच माहीत असतो, त्यामुळे लोक पाचवीचा कार्यक्रम लागला की घरच्यांना घेऊन जातात. जा, नक्की जा, पण तिच्या पहिल्या चार स्वरांच्या पुढे काय बघायचं ते सांगून ठेवा. ट्रॉम्बोनवाले पहिल्या तीन मूव्हमेंट नुसते बसून असतात. तिसरी मूव्हमेंट संपत नाही, ती टिंपनीच्या, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांच्या, दबक्या ठोक्यांवरून सरळ चौथीत शिरते, आणि तिथे ट्रॉम्बोन पहिल्यांदा उठतात आणि अंधार फाटतो. ही सिम्फनी १८०८ च्या २२ डिसेंबरला व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली त्या रात्री कार्यक्रम चार तासांचा होता, थिएटर गारठलेलं, तालीम अपुरी, त्याच रात्री सहावी सिम्फनी आणि चौथा पियानो कॉन्चेर्टोही पहिल्यांदाच लोकांसमोर. एवढं सगळं एका रात्रीत ऐकलेले लोक काय मनःस्थितीत घरी गेले असतील कोण जाणे. तरीही मी स्वतः नव्या माणसाला पाचवीपेक्षा सातवीला नेईन. तिची दुसरी मूव्हमेंट, एक लांब दोन छोटे दोन लांब असा एकच ठेका, आधी खालच्या तारवाद्यांत, मग दुसऱ्या व्हायोलिनमध्ये, मग पहिल्या व्हायोलिनमध्ये चढत जातो, आणि वरून एक वेगळीच धून त्यावर येऊन बसते. १८१३ मध्ये पहिल्या प्रयोगाला लोकांनी ही मूव्हमेंट तिथल्या तिथे परत वाजवायला लावली होती, वन्समोअर घेतला म्हणा ना. आपल्या नाट्यसंगीताच्या श्रोत्याला ही गोष्ट लगेच जवळची वाटते. माझे एक नातलग संगीत नाटकांवर वाढलेले, त्यांना हे सांगितल्यावर ते खूश झाले, म्हणाले, "म्हणजे तिकडचे रसिकपण आपल्यासारखेच की!"

काकूंची गोष्ट वेगळी. त्यांना शास्त्रीयची फारशी ओढ नाही, जुनी हिंदी गाणी मात्र मुखोद्गत. त्यांना मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीला नेलं, आणि मुद्दाम काहीही सांगितलं नाही. सुरुवात होऊन दहा सेकंद झाली नसतील, त्या माझ्याकडे वळल्या, डोळे मोठे. १९६१ च्या 'छाया' मधलं तलत आणि लताचं 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' हे गाणं सलील चौधरींनी याच सुरावटीवरून केलंय. आता चोरी का प्रेरणा हा वाद घालणारे घालोत, मला त्याच्यात रस नाही, सलीलदांनी त्या सुरावटीचं पुढे जे केलं ते पूर्ण त्यांचं आहे. माझ्यासाठी महत्त्वाचं हे की काकूंना पन्नास-साठ वर्षं माहीत असलेली ओळ पुढे कुठे कुठे जाते हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, मधल्या भागात मोझार्ट त्या ओळीला एकेका परक्या सुरात ढकलतो तेव्हा काकू अस्वस्थ होऊन पुढे सरकून बसल्या होत्या, आणि ओळ मूळ सुरात परत आली तेव्हा हुश्श केलं. हे सगळं त्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय कळलं. मोझार्टने ३९, ४० आणि ४१ या तिन्ही सिम्फनी १७८८ च्या एका उन्हाळ्यात लिहिल्या, त्याच्या शेवटच्या तीन, आणि ही एकच गोष्ट मी त्यांना घरी जाताना टॅक्सीत सांगितली.

ज्याला तालाचं वेड आहे, तबला-पखवाज वाजवणारा किंवा ढोल पथकातला कोणी, त्याला राव्हेलच्या बोलेरोला न्या. १९२८ चं काम, साधारण पंधरा मिनिटांचं, तीन-तीन मात्रांच्या मोजणीतला एकच ठेका साइड ड्रमवर पहिल्यापासून शेवटपर्यंत, लय तसूभर वाढत नाही, सुरावटी फक्त दोन, त्याच आलटून पालटून, आधी बासरी, मग क्लॅरिनेट, बासून, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, आणि आवाज तेवढा वाढत वाढत जातो. आपण द्रुत लयीकडे जायला सरावलेले, त्यामुळे लय न वाढवता चढवलेला हा ताण आपल्या माणसाला विलक्षण वाटतो. त्या ड्रमवाल्याकडे बघत बसा, पंधरा मिनिटं हात कापू न देता वाजवणं हे काय काम आहे ते तबलजींना सांगावं लागत नाही. आणि 'पेशकार' पुन्हा कधी कार्यक्रमात लागला तर काहीही झालं तरी चुकवू नका. झाकिरभाई २०२४ च्या डिसेंबरात गेले, आता ते दुसऱ्या कोणाच्या हातून ऐकायचं, पण त्यांनी ऑर्केस्ट्रासाठी लिहून ठेवलंय ते राहिलंय ही केवढी गोष्ट आहे.

आता टाळ्यांचा विषय, कारण यावरून नवी माणसं फार घाबरतात. मूव्हमेंट संपली की टाळ्या वाजवायच्या नाहीत, अख्खी सिम्फनी संपली की वाजवायच्या, एवढाच नियम, आणि कंडक्टरने हात खाली सोडले की खरोखर संपलं असं समजायचं. कोणी मध्ये वाजवल्या तर आजूबाजूचे काही लोक असं वळून बघतात की तो माणूस परत यायचा नाही. हे मला अजिबात आवडत नाही. बेथोवनच्या काळी लोक मध्ये बिनधास्त वाजवायचे. आणि काही ठिकाणी कंपोझरनेच सापळा लावलाय. चायकॉव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीची तिसरी मूव्हमेंट असा काही जल्लोषाचा मार्च आहे की जगभर लोक तिथे टाळ्या वाजवतात, आणि मग चौथी येते ती नुसतं रडणं. तिची सुरुवातीची धून खरं तर कोणीच वाजवत नाही, एक स्वर पहिल्या व्हायोलिनचा, पुढचा दुसऱ्या व्हायोलिनचा, असं दोघांत वाटून दिलंय, धून तयार होते ती ऐकणाऱ्याच्या कानात. १८९३ मध्ये स्वतः कंडक्ट करून तिचा पहिला प्रयोग केला आणि नऊ दिवसांनी चायकॉव्हस्की गेला. दुसरा सापळा सिबेलियसच्या पाचवीचा, शेवटी सहा जोरदार आघात आणि प्रत्येकाच्या मध्ये कोरी शांतता, पहिल्या-दुसऱ्या आघातानंतर कोणी ना कोणी टाळी वाजवतोच. बरोबरच्या माणसाला सांगून ठेवा, "सहा मोज आणि मग वाजव." भाचीला हे सांगितलं तर तिला ते फारच आवडलं. याच मूव्हमेंटमध्ये हॉर्नची ती झोके घेणारी धून आहे, सिबेलियसने घराजवळ सोळा हंस उडत जाताना पाहिले त्याच्याशी जोडलेली, ती एकदा हॉर्नमध्ये सुरू झाली की मला आजही बोलवत नाही.

ऑफिसातला मित्र इतिहास आणि राजकारण वाचणारा, संगीताशी संबंध शून्य. त्याला शोस्ताकोविचची पाचवी. १९३६ च्या जानेवारीत 'प्रावदा' या सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तमानपत्राने शोस्ताकोविचच्या ऑपेरावर जहरी लेख छापला, स्टालिनचा काळ, त्या काळात असा लेख म्हणजे जिवाशी गाठ. चौथी सिम्फनी त्याने तालमी चालू असताना मागे घेतली. मग १९३७ च्या नोव्हेंबरात लेनिनग्राडला ही पाचवी वाजली, म्राविन्स्कीने कंडक्ट केली, तिसऱ्या मूव्हमेंटला लोक हॉलमध्ये उघड रडत होते कारण जवळपास प्रत्येकाचं कोणी ना कोणी उचलून नेलेलं होतं. शेवटी येतो तो विजय खरा का जबरदस्तीने करायला लावलेला, यावर आजही भांडणं होतात. मित्राने इंटरव्हलमध्ये एवढं ऐकलं आणि दुसऱ्या भागात तो जागचा हलला नाही, बाहेर आल्यावर चर्चगेटपर्यंत त्या शेवटावरून वाद घालत चालत आला. त्याला वाटतं ते खोटं आहे, मला वाटतं ते खरं आहे आणि म्हणूनच जास्त भयंकर आहे.

माहलर लगेच नको. मला अतिशय आवडतो, पण तिसरी सिम्फनी दीड तासाची आहे, सहावी सव्वा तासाच्या पुढे, पहिल्यांदा आलेला माणूस दमतो. न्यायचंच असेल तर पहिली, तिच्यात तिसऱ्या मूव्हमेंटला डबल बेस एकटा, बालगीताची चाल उदास सुरात वाजवतो, ते कोणालाही कळतं. ब्रुकनर तर त्याहून पुढच्या वर्षी.

आणि माझा स्वतःचा सगळ्यात लाडका विचाराल तर ब्राम्स. हे मत सगळ्यांना पटत नाही, त्याला लोक रुक्ष म्हणतात, जड म्हणतात. पहिली सिम्फनी लोकांसमोर आणायला त्याला जवळजवळ वीस वर्षं लागली, १८७६ मध्ये ती आली तेव्हा तो त्रेचाळीसचा होता, बेथोवननंतर सिम्फनी लिहायची तर काय लिहायची या विचाराने तो इतकी वर्षं थांबला. पण माझा जीव चौथीत आहे, १८८५ ची. तिची शेवटची मूव्हमेंट म्हणजे आठ बारांचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा) एक आराखडा, मूळ कल्पना बाखच्या एका कँटाटामधली, म्हणजे गायन-वाद्यांच्या रचनेतली, आणि त्यावर तीस वेळा वेगवेगळं बांधकाम. आठ बार संपले की परत आठ बार, परत आठ बार. आपल्या माणसाला हे आवर्तन म्हणून लगेच पकडता येतं, एकदा सांगितलं की "आठ मोजत राहा, समेवर काहीतरी बदलेल", की तो मोजायला लागतो आणि मध्येच मोजणं विसरतो, कारण मधोमध बासरी एकटी येते, लय तीच पण दुप्पट रुंद झाल्यासारखी, आणि त्यानंतर ट्रॉम्बोन इतक्या मऊ आवाजात येतात की ही तीच वाद्यं यावर विश्वास बसत नाही. ट्रॉम्बोनवाले आधीच्या तीनही मूव्हमेंट गप्प बसलेले असतात, अर्धा तास, केवळ यासाठी. काकांना मी ड्वोर्झाक, बेथोवन सगळं झाल्यावर मगच ब्राम्सला नेलं, आणि ते मोजत होते, मांडीवर बोटं चालू होती, बासरीपाशी थांबली.

ऑर्केस्ट्रा म्हणून मला काय वाटतं? तारवाद्यं ही यांची खरी ताकद, रशियन पद्धतीचा भरदार, लांब ओढलेला आवाज, त्यामुळे चायकॉव्हस्की, ड्वोर्झाक, शोस्ताकोविच हे यांच्या हातात सगळ्यात खुलतात असं माझं मत. मोझार्ट-हायडनसाठी मला जरा हलका, कमी माणसांचा आवाज आवडतो, ती आवडीची बाब झाली. ज्या शहरात वीस वर्षांपूर्वी ब्राम्स ऐकायला परदेशी ऑर्केस्ट्राच्या दौऱ्याची वाट बघावी लागायची तिथे आता वर्षातून दोनदा हे घरच्या घरी मिळतं, मी तरी त्यासाठी कृतज्ञ आहे. सीझन लांबावा, डोंबिवली-ठाणे-पुण्याकडे अधूनमधून यावा, एवढीच इच्छा.

प्रेक्षकांबद्दल एकच विनंती आहे, फोन बंद करा, सायलेंटवर नको, बंद. स्क्रीनचा उजेड बाल्कनीत चार रांगा मागेपर्यंत डोळ्यात जातो. आणि शेवटचा स्वर हवेत असताना पार्किंगसाठी उठू नका, त्या माणसांनी चाळीस मिनिटं वाजवलंय.

जायचं-यायचं सोपं आहे. चर्चगेटला उतरून शेअर टॅक्सी मिळते, मेट्रो तीनचं विधान भवन स्टेशनही आता आहे. कार्यक्रम बहुतेक वेळा संध्याकाळी सातला, इंटरव्हल धरून दोन तासांच्या आसपास, म्हणजे मध्य रेल्वेवाल्यांनाही ट्रेन आरामात मिळते. ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर अर्धा तास आधी पोचा, जिने आहेत.

घरी आल्यावर बरोबरच्या माणसाला लांबलचक प्लेलिस्ट पाठवायचा मोह होतो, तो आवरा. जे ऐकून आलात त्याचंच एक रेकॉर्डिंग पाठवा. ड्वोर्झाकच्या नववीसाठी कुबेलिक आणि बर्लिन फिलहार्मनिक. बेथोवनच्या पाचवी-सातवीसाठी कार्लोस क्लायबर आणि व्हिएन्ना फिलहार्मनिक, सत्तरच्या दशकातलं. ब्राम्सच्या चौथीसाठीही तोच क्लायबर, तोच ऑर्केस्ट्रा, १९८० चं. चायकॉव्हस्कीच्या सहावीसाठी म्राविन्स्की आणि लेनिनग्राड फिलहार्मनिक, १९६० चं. काकांना मी फक्त लार्गो पाठवला होता, ते रोज सकाळी चहाबरोबर लावतात आणि पुढच्या सीझनचं वेळापत्रक आलं का म्हणून आता तेच मला फोन करतात.